निर्यातीची साखर

तेवीस वर्षं मी मुलांना एकच गोष्ट शिकवतोय. साखर पाण्यात लवकर विरघळायला हवी असेल तर पाणी गरम घ्या, साखर बारीक घ्या आणि ढवळा. यात गुपित काही नाही. चहा पिणाऱ्या कुठल्याही माणसाला हे कळतं, न पिणाऱ्यालाही कळतं. पण गेल्या शिमग्यात आमच्या आंबेखोल गावानं दोनशे लिटर सरबतासाठी बर्फाचं पाणी घेतलं, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या दाण्याची साखर घेतली आणि ढवळायला चक्क बंदी घातली. सरबत बिघडलं. मग ते का बिघडलं याची चौकशी बसली, आणि ती बसली एका बाईवर. त्या चौकशीचं इतिवृत्त मी लिहिलं, कारण गावात सगळ्यात चांगलं अक्षर माझं आहे.

आंबेखोल पोलादपूर तालुक्यात, कुडपणकडे चढ लागतो त्या अंगाला. घरं साठ, त्यातली बारा महिने उघडी असतात ती पंचवीस. बाकीच्यांची कुलपं शिमग्याला आणि मे महिन्यात निघतात. त्यामुळे गाव इथं असलं तरी गावाचं डोकं मुंबईत आहे. त्या डोक्याचं नाव ग्रामस्थ मंडळ. विहिरीला कठडा बांधायचा की नाही, देवळाला रंग कुठला द्यायचा, शाळेचा झेंड्याचा खांब कुठल्या बाजूला रोवायचा, हे सगळं मंडळ परळच्या एका खोलीत बसून ठरवतं आणि व्हॉट्सॅपवर कळवतं. आम्ही इथून अंगठ्याचं चित्र पाठवतो.

मंडळाचे अध्यक्ष महिपतशेठ. मुंबईत ते लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहेत, आणि माणसांना वर कसं न्यायचं हे आपल्याला कळतं, असं ते दर भाषणात सांगतात. माणूस मनानं वाईट नाही. गावासाठी सुट्ट्या घालवतो, धावपळ करतो. फक्त तोंडातून गेलेलं वाक्य परत घेता येतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मीही नाही.

कारण माझं एक काम त्यांच्याकडे अडकलं होतं. माझं घर महाडजवळ नाते गावात. तिथून आंबेखोलला रोज जाणं-येणं जमत नाही, म्हणून सात वर्षं इथं खोली घेऊन राहतोय, आणि आई तिकडे गुडघे धरून एकटी. बदल्या आता संगणकावर होतात, कुणाची ओळख चालत नाही, असं सरकार सांगतं. आम्ही शिक्षक मात्र त्या संगणकाच्या ओळखीचा माणूस शोधत असतो. महिपतशेठ एकदा म्हणाले होते, "गुरुजी, अलिबागला आपला एक माणूस आहे. बघतो." त्या 'बघतो'वर मी दोन वर्षं काढली होती.

आता मंजुळा. शाळेत दुपारचा आहार शिजवते. बौद्धवाडीत राहते, नवरा भिवंडीला गोदामात, मुलगी दिशा माझ्याच वर्गात सहावीला. सहा वर्षांपूर्वी मंजुळा चुलीपाशी आली तेव्हा वरच्या आळीतल्या चार घरांनी पोरांना घरून डबे द्यायला सुरुवात केली. दोन महिन्यांत पोरं डब्यातली भाकरी मंजुळेच्या आमटीत बुडवून खायला लागली आणि प्रश्न मिटला. म्हणजे, मिटला असं आम्ही समजत होतो. तिची नेमणूक वर्षावर्षाची. दर जूनला शाळा समिती ठराव करते, तेव्हा ती पुढच्या वर्षी चुलीपाशी बसणार. दिशाला सातवीनंतर महाडच्या शाळेत घालायची, तिकडे बहिणीकडे ठेवायची, हे तिचं ठरलेलं होतं, आणि ते सगळं या एका ठरावावर उभं होतं.

या शिमग्याला मंडळानं शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र भेट द्यायचं ठरवलं. उद्घाटनाला महाडचे एक मोठे कंत्राटदार साहेब येणार होते. यंत्र हे निमित्त. साहेब शाळेपुढे पत्र्याची शेड बांधून देणार आणि भाषणाच्या शेवटी तशी घोषणा करणार, असं आतून ठरलेलं. आमची मुलं उन्हात बसून जेवतात, तेव्हा शेड हवीच होती. यंत्राबद्दल सांगायचं तर शाळेत वीज सकाळी नऊला जाते आणि शाळा सुटल्यावर येते.

पालखी घरोघर फिरून देवळात बसली, त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. सकाळी आठलाच महिपतशेठ पांढऱ्या कपड्यांत, छातीवर वाटीएवढा बिल्ला लावून शाळेत हजर. त्यांच्यामागून टेम्पोतून तीन वस्तू उतरल्या. पहिली, दोनशे लिटरचं स्टीलचं नवं कोरं पिंप, पोटावर मंडळाचं नाव कोरलेलं. दुसरी, महाडहून आणलेल्या बर्फाच्या लाद्या, गोणपाटात आणि भुशात गुंडाळलेल्या. तिसरी वस्तू त्यांनी स्वतः छातीशी धरून आणली. साखरेची पिशवी.

"साधी साखर नाही ही," शेठ म्हणाले. "एक्सपोर्ट क्वालिटी. दाणा बघा दाणा. असा दाणा इकडच्या दुकानात मिळणार नाही."

दाणा खरंच मोठा होता. देवापुढे खडीसाखर म्हणून ठेवला असता तर देवानं तक्रार केली नसती.

मंजुळेनं दाणा चिमटीत धरून बघितला, बर्फाकडे बघितलं आणि चुलीवर दोन हंडे चढवायला लागली.

"हे कशाला?" शेठनी विचारलं.

"पाक करते, शेठ. पानी तापवून साखर त्यात इरगळवते, लिंबू पिळते, मंग तुमी गार पानी घाला, बरफ घाला. दाना लय जाड हाय."

"अगं बाई, सरबत चिल्ड पाहिजे आणि तू पाणी तापवतेस? जरा लॉजिक लाव. साहेब बारा वाजता उन्हातून येणार. तोपर्यंत पिंप फुल थंड व्हायला हवं. आधी बर्फ, मग पाणी, मग लिंबू-मीठ, आणि वरून साखर. साखर खाली जाता जाता आपोआप मिक्स होते."

"जाता जाता नाय हो होत. तळाला जाऊन बसंल ती."

"मुंबईत मी दोनशे माणसांचं फंक्शन केलंय," शेठ म्हणाले, आणि एवढ्यावर विषय संपला. सरबत दोनशे माणसांना दिलं होतं की बाटलीतलं पेय, हे कुणी विचारलं नाही.

मग साखर पडली. वीस किलो, अध्यक्षांच्या हस्ते, फोटो काढत काढत. ती लाद्यांवरून घसरत खाली गेली तेव्हा रस्त्यावर खडी ओतल्यासारखा आवाज आला. मंजुळेनं लांब दांड्याचा झारा घेतला, तर शेठनी हात आडवा केला. पिंपावर झाकण बसलं, झाकणावरून लाल रिबीन गेली आणि रिबिनीला गाठ पडली. ती गाठ साहेब कापणार, सरबताचंही उद्घाटन व्हायचं होतं. तोपर्यंत झाकण उघडायचं नाही, असा हुकूम. गार पाणी, जाड दाणा, ढवळणं बंद. पुस्तकातला सगळा धडा उलटा करून कुणी प्रयोग मांडला असता तर याहून नेमका मांडता आला नसता.

मी शेजारीच उभा होतो. हातात ध्वनिक्षेपकाची वायर होती, म्हणून मी फार कामात आहे असं दिसत होतं. दिशा आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होती. ती उतरून माझ्यापाशी आली.

"गुरुजी, पुस्तकात तर उलटं दिलंय ना? गरम पानी, बारीक..."

"दिशा, तोरण बांध," मी म्हणालो.

साहेब बाराऐवजी दीडला आले. रिबीन कापली, टाळ्या झाल्या, झाकण निघालं. गार वाफेनं पुढच्या दोन खुर्च्या खूश झाल्या.

आमच्याकडे वाढायचा क्रम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो कधी चुकत नाही. आधी पाहुणे. मग मंडळाचे पदाधिकारी. मग बिल्लेवाले. मग वरची आळी, मग खालची आळी, मग बायामाणसं, आणि सगळ्यात शेवटी बौद्धवाडी, म्हणजे ज्यांनी सकाळपासून मंडप घातला, खुर्च्या वाहिल्या आणि त्या पिंपात विहिरीचं पाणी भरलं ते लोक. पिंप ज्या फळ्याला टेकून ठेवलं होतं त्यावर माझ्याच सुंदर अक्षरात समतेचा सुविचार लिहिलेला होता. वाढायला मंडळाची टी-शर्टवाली मंडळी. सरबत मंजुळेनं करायचं, पण पाहुण्यांच्या हातात तिनं द्यायचं नाही, हेही कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

पहिला पेला साहेबांना. पिंपाच्या अगदी वरचा, बर्फ वितळून लिंबू आणि मीठ तेवढं उरलेला. साहेबांनी मोठा घोट घेतला. त्यांचा चेहरा आधी नाकाकडे गोळा झाला आणि मग हळूहळू परत जागेवर आला. पदाधिकाऱ्यांनी घोट घेतला. बिल्लेवाल्यांनी घेतला. एकानंही 'आंबट आहे' म्हटलं नाही. उलट महिपतशेठ डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "एकदम रिफ्रेशिंग." साहेबांनी पेला खुर्चीखाली ठेवला, भाषण चार वाक्यांत आटोपलं, आणि शेड त्या चार वाक्यांत नव्हती. गाडी घाटाला लागली तेव्हा साहेबांच्या गळ्यातला हार अजून ओला होता.

इकडे रांग पुढं सरकत होती. वरच्या आळीचं सरबत आंबट, खालच्या आळीचं बरं, बायांचं चांगलं. पिंप तळाला आलं तेव्हा टी-शर्टवाली मंडळी दमली. "मंजुळे, उरलेलं तू वाढ," म्हणून निघून गेली. तिनं पिंप तिरकं करून तळ ढवळला आणि आपल्या वाडीला वाढलं.

रात्री मंडळाच्या ग्रुपवर 'सरबत प्रकरण' सुरू झालं. शेड कुणामुळे गेली, हे ठरल्याशिवाय कुणाला मुंबईला जाववेना.

दोन दिवसांनी शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. गावकीतले सगळ्यात वयस्क हैबतीबाबा मधे, बाजूला महिपतशेठ आणि चार पदाधिकारी खुर्च्यांवर. मी टेबलापाशी वही घेऊन. मंजुळा खांबाला टेकून उभी. शाळा सुटली होती, पण दिशा घरी गेली नव्हती. ती वर्गाच्या दारात बसून पाटीवर काहीतरी खरडत होती, म्हणजे ऐकत होती.

"साखर वीस किलो," शेठनी सुरुवात केली. "माझ्या हातानं टाकलीय. व्हिडिओ आहे. मग साहेबांच्या ग्लासात ती का नव्हती?"

"साखर काय उडून जात नाय," हैबतीबाबा म्हणाले.

"तेच तर! मग गेली कुठं?"

कुणीतरी म्हणालं, शेवटी प्यायले त्यांना विचारा. म्हणून बौद्धवाडीच्या काशीबाईंना बोलावलं. काशीबाई सत्तरीच्या, मनानं मोकळ्या. आपल्याला बैठकीत बोलावलं याचाच त्यांना आनंद झाला होता. सरबत कसं होतं, असं विचारताच त्यांचा चेहरा फुलला.

"काय सांगू बाबा! असं ग्वाड सरबत मी माज्या लगनात नाय प्याले. ओठाला ओठ चिकाटला. आमच्या भागोजीनं चार पेले घेतलान. मंडळाला म्हनावं दर साली करा."

शेठनी सगळ्यांकडे बघितलं. चोर सापडल्यावर हवालदार बघतो तसं.

"म्हणजे साहेबांना लिंबूपाणी, आणि यांच्या वाडीला पाक," ते सावकाश म्हणाले. "एकाच पिंपातून. आणि शेवटी वाढायला कोण होतं?"

काशीबाईंना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी त्यांनी मंजुळेकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "मी चांगलं म्हनून सांगितलं गो," त्या पुटपुटल्या.

आता पदाधिकाऱ्यांच्या जिभा सुटल्या. एकाला आठवलं की मंजुळेनं सकाळीच साखर वेगळी काढून पाक करायची गोष्ट केली होती. दुसऱ्यानं पिंप तिरकं करताना तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तिसरा म्हणाला, आपला तो आपलाच वाटणार, माणसाचा स्वभाव आहे, पण सरकारी चुलीपाशी असा स्वभाव चालणार नाही. जूनच्या ठरावाचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं, पण शेठच्या चुलतभावाची बायको राजश्रीवहिनी गेल्या वर्षापासून या कामासाठी तयारच होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग शेठ माझ्याकडे वळले.

"गुरुजी, तुम्ही सायन्सवाले. तुम्हीच सांगा. एकाच पिंपातलं सरबत वर आंबट आणि खाली गोड, असं होऊ शकतं का?"

हा प्रश्न मी तेवीस वर्षांत निदान तेवीस वर्गांना विचारलाय. फळ्यावर चंचुपात्र काढून, तळाला ठिपके देऊन विचारलाय. उत्तर एका वाक्याचं होतं. मला आईचे गुडघे दिसले, नाते गावातलं घर दिसलं, अलिबागचा तो कधी न पाहिलेला माणूस दिसला.

"तसं... एकदम सांगता येणार नाही," मी म्हणालो. "तपासावं लागेल."

दाराशी पाटीवरची पेन्सिल थांबली. मी तिकडे बघितलं नाही.

मंजुळा वळून स्वयंपाकाच्या खोलीत गेली. सगळ्यांना वाटलं रडायला गेली, आणि ते वाटून जरा बरंही वाटलं. पण ती परत आली ती हातात माठातलं पाणी भरलेला पेला आणि मूठभर साखर घेऊन. तीच साखर. पिशवीत उरलेली तीन किलो मंडळानं शाळेला सप्रेम भेट दिली होती.

तिनं मूठ पेल्यात सोडली. दाणे टणटण करत तळाला गेले. थोडा वेळ तिनं पेला तसाच धरून ठेवला आणि मग शेठपुढे केला.

"घ्या. ढवळू नगा. तुमचीच रीत हाय."

शेठनी सगळ्यांकडे बघत घोट घेतला. "हे तर पाणी आहे."

"घ्या अजून."

"पाणीच आहे."

"आता तळाचं घ्या."

घ्यावंच लागलं. शेठच्या मिशीला साखर लागली. तोंडात दाणे कडकड वाजले ते ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू आले.

"ग्वाड हाय?" मंजुळेनं विचारलं.

शेठनी पेला खाली ठेवला.

"वरचं कुनी प्यालं? तुमी. तळाचं कुनाच्या वाट्याला आलं? आमच्या. मी कुनाची साखर काढली नाय नि कुनाला घातली नाय. रांग मी नाय लावली, शेठ. रांग गावाची हाय."

ती मोठ्यानं बोलली नव्हती. तरी पदाधिकारी एकेक करून आपापल्या चपला बघायला लागले. हैबतीबाबांना खोकला आला, आणि तो बराच वेळ चालला. मला वाटतं ते हसत होते.

आता गावाची खरी हुशारी बघा. मंजुळेचं म्हणणं खोटं पाडता येत नव्हतं आणि शेठचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं. अशा वेळी तिसरा आरोपी लागतो. तो शेठनीच शोधला, मिशी पुसता पुसता.

"एक्सपोर्टची साखर आहे ना," ते म्हणाले. "तिला आपल्या पाण्याची सवय नाही."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. अगदी बरोबर. साखर परदेशात जाणारी, तिकडचं पाणी वेगळं, इकडचं डोंगराचं. एक पदाधिकारी म्हणाला की त्यालाही तीच शंका होती. मला लिहायला सांगितलं, आणि मी लिहिलं:

'चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, सदर साखर निर्यातीची असल्याने ती स्थानिक पाण्यात मिसळली नाही. यात कोणाचाही दोष नाही. तथापि श्रीमती मंजुळाबाई यांना यापुढे काळजी घेण्याबाबत समज देण्यात येत आहे. पुन्हा तक्रार आल्यास पर्यायी व्यक्तीचा विचार व्हावा. ठराव सर्वानुमते मंजूर.'

खाली सगळ्यांच्या सह्या. पहिली माझी. अक्षराचं कौतुक झालं.

मुंबईकर दुसऱ्या दिवशी गेले. मी स्वयंपाकाच्या खोलीत तांदळाची नोंद घ्यायला गेलो तेव्हा मंजुळा मटकी निवडत होती.

"समज कसली दिलीत, गुरुजी?"

"काळजी घ्यायची म्हणून."

"कशाची? साखरंची का रांगंची?"

मी वहीत डोकं घातलं. तिनं मटकीतला खडा काढून बाजूला टाकला.

"तुमाला ठावं व्हतं ना?"

"होतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पुढची मूठ ताटात घेतली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. विज्ञानाचा पेपर मीच काढला होता, जानेवारीत, म्हणजे हे सगळं व्हायच्या आधी. प्रश्न चौथा: जाड साखर पाण्यात लवकर विरघळण्यासाठी काय कराल? कारण लिहा. गुण तीन. सहावीत मुलं सात. सहा जणांनी गरम पाणी, बारीक दाणे आणि ढवळणे असं लिहिलं होतं. कुणी ढवळणेचं धवळणे केलं होतं, पण उत्तर बरोबर होतं. सातवा पेपर दिशाचा. वर्गात पहिली येणारी मुलगी. तिनं समास सोडून, ओळ न मोडता लिहिलं होतं:

'काही करू नये. अध्यक्ष सांगतील तसे करावे. कारण साखर का विरघळत नाही हे गुरुजींनाही सांगता येत नाही. तपासावे लागते.'

मी लाल पेनाचं टोपण काढलं. मग लावलं. मग पुन्हा काढलं. राग आला, तो आधी पोरीचा आला, हे कबूल करतो. एवढीशी पोर, आणि पेपरात टोमणे मारते? मग तिचं अक्षर दिसलं. हुबेहूब माझं. तोच 'क', तीच वेलांटीची ऐट. पहिलीपासून मीच गिरवून घेतलेलं. बाकी जे गिरवून घेतलं तेही तिनं नीट गिरवलं होतं, आणि त्या तीन ओळींत खोटा शब्द मला सापडेना. चूक म्हणून फुली मारायची तर कशावर मारणार?

पेपर तसाच ठेवून मी कपाटातून इतिवृत्ताची वही काढली. मे महिन्यात मंडळाच्या सभेत मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचतात आणि मग ते कायम होतं. वाचणारा मीच असतो. शेठ पहिल्या खुर्चीत असतात. ठरावाखाली चार बोटं जागा मोकळी होती. तिथं मी लिहिलं:

'तपासले. साखर कोणत्याही देशाची असो, गार पाण्यात जाड दाण्याची साखर न ढवळता टाकली तर ती तळाशी बसते. हे मंजुळाबाईंनी सकाळीच सांगितले होते. ते ऐकले गेले नाही. मला ते ठाऊक असून मी बोललो नाही. त्यांना दिलेली समज चुकीची आहे, ती रद्द व्हावी.'

खाली सही केली, पूर्ण नाव आणि हुद्दा घालून. अक्षर काही खास आलं नाही. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली. नाते गावी आईला फोन करून सांगितलं की या वर्षी बदलीचं काही जमेल असं दिसत नाही. ती म्हणाली, "बरं, जेवलास का?"

मग मी दिशाचा पेपर पुन्हा पुढ्यात ओढला. आता ते उत्तर चूक झालं होतं. लाल पेनानं त्यावर फुली मारली आणि तिला तीनपैकी शून्य गुण दिले.